सकाळची पिवळी, रात्रीची काळी

गोधडीतून उरलेल्या चिंध्या, ब्लँकेटच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक आणि वीतभर चेन. एवढ्या सामानात शिवलेल्या पाऊचनी आमच्या घरातला औषधांचा घोळ कसा मिटवला, त्याची ही गोष्ट. आणि हो, कृतीसुद्धा!

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. मूळचा तो मिठाईचा असतो, नाहीतर बिस्किटांचा. आमच्या श्रीरामपूरच्या घरातही होता. सोनपापडीचा, चौकोनी, झाकणावर सोनेरी नक्षी असलेला. त्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, यांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या, लेकीच्या सर्दीचं उरलेलं सिरप, सगळं गुण्यागोविंदानं नांदत होतं. भर म्हणून दोन सेफ्टी पिना, एक थर्मामीटर आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण. डबा उघडायचा, ढवळायचा आणि हाताला लागेल ते उजेडात धरून वाचायचं. तुमच्याकडे याहून वेगळं असेल, तर तुमचं कौतुकच!

वाचता येणाऱ्यांचं ठीक. पण सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचा सगळा कारभार रंगावर. ‘बारकी गुलाबी सकाळची, लांबुडकी पिवळी जेवणावरची.’ वर्षानुवर्षं हे बिनचूक चाललं होतं. नाहीतरी आमच्या गावाला नावापेक्षा खुणेची सवय जास्त. गावाचं नाव श्रीरामपूर, पण रेल्वेच्या तिकिटावर छापलेलं असायचं ‘बेलापूर’. जुनी माणसं तर अजून ‘बेलापूर रोड’च म्हणतात. तरी कुणी भलत्या स्टेशनावर उतरलं, असं झालं नाही. उसाची शेतं दिसली, ओळखीचा पूल आला, की माणसं आपोआप बोचकी सावरायला लागतात. सासूबाईंचंही तसंच होतं. खूण ओळखीची असली की झालं.

पण दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ही खूणच बदलली. नेहमीच्या कंपनीची गोळी संपली होती, म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली. औषध तेच, रंग पांढरा. मी आणली, डब्यात टाकली आणि सांगायचं विसरले. सासूबाईंनी जुन्या स्ट्रिपमधली उरलेली गुलाबी घेतली आणि ‘डॉक्टरनं ही नवी दिलेली दिसतीये’ म्हणून पांढरीही घेतली. तासाभरात न्हाणीच्या दारात त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दाराची चौकट धरली म्हणून वाचल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आजी कुठल्या गोळ्या घेतात, दाखवा बरं.’’ मी मोठ्या तत्परतेनं डबा पुढं केला. त्यांनी एक स्ट्रिप उचलली, तिच्यावरचं नाव कापलेलं. दुसरी उचलली, तिची तारीख कापलेली. तिसऱ्या तुकड्यात एकच गोळी. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘गोळ्या सगळ्या आहेत ताई, पण यातली पोटात कुठली गेली, ते या डब्यावरून कसं कळणार?’’ संध्याकाळी सासूबाईंना घरी सोडलं. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कारभार हातात घेतला. डबा कपाटात, कपाटाला कुलूप. वेळेला मी गोळी काढायची, पाण्याचा पेला भरायचा आणि त्यांच्यापुढं उभं राहायचं. ‘‘आत्या, हात पुढं करा.’’ गिळलीय ना, तेही बघायचं. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. पण सासूबाईंचं बोलणं कमी झालं. जेवण उतरलं. एकदा शेजारणीला सांगत होत्या ते कानावर आलं, ‘‘साऱ्या घराचा दाणागोटा सांभाळला म्या. आन आता मी बालवाडीतली झाले, हात पुढं करून गोळी घ्यायला.’’

सांगते, फार लागलं मनाला. त्यांच्या जिवाची काळजी म्हणून मी जे करत होते, त्यानं त्यांचा मान जात होता. पण चावी परत द्यायचीही भीती. करायचं काय?

सगळं दिसतंय की!

उत्तर सापडलं ते दिवाळीच्या आवराआवरीत. लेकीचं परीक्षेचं पाऊच मधल्या खोलीत पडलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पेन-पेन्सिली पारदर्शक पाकिटातच न्याव्या लागतात ना, ते. सासूबाईंनी ते उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, ‘‘ह्याच्यात सगळं दिसतंय की गं! उघडायचंबी काम न्हाई.’’

त्याच वेळी माझ्या हातात एक ब्लँकेट होतं. आहेरात आलेलं, अजून त्याच्या जाड पारदर्शक पिशवीतच. आणि सासूबाईंच्या मांडीवर त्यांचं लाडकं बोचकं, गोधड्यांसाठी जपलेल्या कापडांचं. मी एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा बोचक्याकडं.

पुढून प्लास्टिक, म्हणजे आतलं दिसेल. मागून गोधडीसारखं शिवलेलं कापड, म्हणजे पाऊच ताठ राहील आणि कुठली पिशवी कुठली, हे रंगावरून कळेल. शाळेत न गेलेल्या बाईला वाचता येईल असं लेबल! मी ही कल्पना सांगितली, तर सासूबाईंनी बोचकं सोडलं ते सोडलंच. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या अशा मोकळ्या बोलत होत्या.

सकाळच्या गोळ्यांसाठी त्यांनी पिवळ्या पातळाचा तुकडा काढला, त्यांच्या हळदीचं. ‘‘दिस उगवल्यावानी हाये.’’ दुपारच्यासाठी मामंजींच्या खाकी सदऱ्याची पाठ. मामंजी हरेगावच्या साखर कारखान्यात होते. १९२०च्या दशकात बेलापूर कंपनीनं उभारलेला तो कारखाना. कारखाना आता कधीच बंद पडला, पण दुपारचा भोंगा झाला की डबा घेऊन जायची घाई सासूबाईंच्या अंगात अजून आहे. दुपार म्हटली की त्यांच्यासाठी खाकी रंग! आणि रात्रीसाठी? बोचक्याच्या तळाशी हात घालून त्यांनी काळी चंद्रकळा ओढली. संक्रांतीला नेसायची, विरून विरून जाळी झालेली. ‘‘रातीची ही. हिला दुसरं काय शोभायचं?’’

ही निवड मी केली असती तर लाल-हिरवं-निळं केलं असतं आणि त्यांना ते पाठ करायला लावलं असतं. त्यांनी निवडलं म्हणून पाठ करायची गरजच पडली नाही.

चंची, मेणकापड आणि चेन

खरं तर यातलं काहीच आपल्याला नवीन नाही. पानसुपारीची चंची आठवते? दुहेरी कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून नाडीनं बांधायची. तिच्यात पान वेगळं, सुपारी वेगळी, चुन्याची डबी वेगळी. अंधारातसुद्धा हात बरोबर कप्प्यात जायचा. आणि बाळाच्या दुपट्याखाली आपण मेणकापड घालतोच की. सुती कापड आणि ओल न शोषणारं कापड यांची जोडी तेव्हापासूनची.

गोधडीचं तर काय सांगावं! मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सुंदर पुस्तक केलं आहे. आपल्या शेजारी कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. जुनं कापड टाकायचं नाही, एवढ्या एका विचारातून किती तऱ्हा निघाल्या बघा.

आता चेन आणि प्लास्टिकची गंमत सांगते. आपण जिला ‘चेन’ म्हणतो तिचं आजचं रूप गिडिऑन संडबॅक या अमेरिकेत राहणाऱ्या स्वीडिश इंजिनिअरनं १९१३च्या सुमारास घडवलं. पण तिला ‘झिपर’ हे नाव पडलं १९२३ मध्ये, बी. एफ. गुडरिच या टायरच्या कंपनीत. त्यांनी ती रबरी बुटांना लावली होती. आणि याच कंपनीत १९२६ मध्ये वाल्डो सीमन या रसायनतज्ज्ञाला कडक पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती सापडली. तेच हे मऊ, वाकणारं प्लास्टिक, ज्याला बाहेर ‘व्हिनाइल’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘टेबलावर टाकायचं प्लास्टिक’. एका टायरच्या कंपनीतून निघालेल्या दोन वस्तू आमच्या मशीनवर चंद्रकळेला भेटल्या!

साहित्य

एका पाऊचसाठी (तयार माप साधारण ९ इंच बाय ७ इंच):

वरचं सुती कापड आणि अस्तर, प्रत्येकी १० बाय ८ इंच. मध्ये घालायला जुन्या सुती साडीच्या दोन-तीन घड्या. बॅगांचं सामान मिळतं त्या दुकानातला पातळ फोमही चालतो, पण घरात साडी असताना फोम कशाला? वरच्या पट्टीसाठी असंच तीन थरांचं १० बाय २ इंच. पारदर्शक प्लास्टिक ९ बाय साडेपाच इंच. जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. फार पातळ घेतलं तर फाटतं, फार जाड घेतलं तर घरच्या मशीनला झेपत नाही. १० इंच चेन, ५ नंबरची, नायलॉनची. २ इंच रुंदीची उरेब पट्टी साधारण एक मीटर. दीड इंचाची एक सरळ पट्टी, ९ इंच लांब. टेरिकॉटचा मजबूत दोरा. सुई गोधडीच्या थरांना १६ नंबर, प्लास्टिकला १४ नंबर.

प्लास्टिक विकत आणायच्या आधी कपाट उघडा. चादरी, ब्लँकेट, पडदे ज्या पिशव्यांतून येतात, ते हेच प्लास्टिक. बऱ्याच पिशव्यांना चेनही असते. ती उसवून घ्या.

कृती

पहिल्यांदा गोधडी. अस्तर, साडीच्या घड्या आणि वरचं कापड एकावर एक ठेवून कच्चे टाके घाला. सासूबाई गोधडी काठापासून आत शिवत जातात, हातानं, धावदोऱ्यानं. मशीनवर करणार असाल तर उलट करा, मधून बाहेर. म्हणजे कापड मध्ये फुगत नाही. दोन टिपांत इंचभर अंतर पुरे. टिपा घातल्यावर कापड थोडं आखडतं, म्हणून आधी मोठं कापायचं आणि शेवटी ९ बाय ७ ला सारखं करायचं. वरची अरुंद पट्टी अशीच शिवून ९ बाय दीड करून घ्या. इस्त्री करायची ती याच टप्प्यावर. एकदा प्लास्टिक जोडलं की इस्त्री जवळसुद्धा आणू नका, वितळेल.

आता प्लास्टिक. याला टाचण्या लावायच्या नाहीत. कापडातलं टाचणीचं भोक बुजतं, प्लास्टिकमधलं कायमचं राहतं. मी लेकीच्या टिकटॉक पिना वापरल्या, कपड्यांचे चिमटेही चालतात. प्लास्टिकच्या वरच्या कडेला दीड इंचाची सरळ पट्टी दुमडून टीप मारा. टाका मोठा ठेवा, तीन-साडेतीन मिलिमीटरचा. बारीक टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि नेमकं तिथूनच फाटतं. माझं पहिलं पाऊच असंच वाया गेलं. टोकाला मागेपुढे चार वेळा मशीन फिरवायची सवय असते, तीही इथं सोडा. दोरे ओढून हातानं गाठ मारा.

दुसरी अडचण म्हणजे प्लास्टिक मशीनच्या पायाला चिकटतं, पुढं सरकतच नाही. कुणीतरी सांगितलं वर कागद ठेव. मी हाताशी होतं ते वर्तमानपत्र ठेवलं. टीप झकास बसली, पण शाई प्लास्टिकवर उमटली. त्या पाऊचवर अजून कुठल्याशा बातमीची उलटी अक्षरं आहेत! तेव्हा कोरा बटर पेपर ठेवा. टीप मारून झाल्यावर तो फाडून काढता येतो.

आता चेन. पट्टी लावलेली प्लास्टिकची कड चेनच्या कापडावर ठेवा, दातांपासून जेमतेम पाव सेंटिमीटरवर, आणि टीप मारा. चेन लावायचा एकेरी पाय असेल तर सोपं जातं. चेनच्या दुसऱ्या बाजूला गोधडीची अरुंद पट्टी जोडा, कडा आत दुमडून. मीटरवर घेतलेली चेन असेल तर रनर वेगळा मिळतो आणि तो ओवताना भल्याभल्यांचा जीव जातो. त्याला एक युक्ती आहे. काटा-चमच्यातला काटा घ्या, रनर त्याच्या दातांत अडकवा, काटा गुडघ्यांत धरा आणि चेनची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी एकदम घाला. चटकन बसतो.

आता पुढचा भाग तयार झाला. तो मागच्या गोधडीवर, दोघांचीही चांगली बाजू बाहेर येईल असा ठेवा. आपण पाऊच उलटा करून सुलटवणार नाही, कारण प्लास्टिक उलटवताना त्याला कायमच्या घड्या पडतात. रनर मध्यावर आणून ठेवा. कडेला राहिला तर एकतर कापला जातो, नाहीतर सुई मोडते. चारही कडा चिमट्यांनी पकडून काठाला टीप मारा. चेनची जास्तीची टोकं कापा. कोपऱ्यांवर छोटी वाटी ठेवून गोल आखा आणि तसे कापा. गोल कोपऱ्यावर उरेब पट्टी सुंदर वळते. शेवटी सगळीकडून उरेब पट्टी लावा आणि वरच्या कडेला अडकवायला एक नाडी. झालं!

प्लास्टिकला घड्या पडल्या असतील तर पाऊच पाच मिनिटं उन्हात ठेवा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर दोन मिनिटंही पुरतात. हात लावला की मऊ लागलं, की सपाट जागी ठेवून वर पुस्तक ठेवा.

दोन खिळे

पाऊच झाले, पण खरी युक्ती पुढं आहे. मधल्या खोलीत, कॅलेंडरशेजारी, दोन खिळे मारले. तिन्ही पिशव्या सकाळी उजव्या खिळ्यावर. सकाळच्या गोळ्या घेतल्या की पिवळी पिशवी डाव्या खिळ्यावर टाकायची. दुपारची झाली की खाकी, रात्रीची झाली की काळी. म्हणजे ‘घेतली का न्हाई मी गोळी?’ हा प्रश्नच उरत नाही. खिळ्याकडं बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईच तिन्ही पिशव्या परत उजवीकडं आणतात. कुलूप नाही, हात पुढं करणं नाही. मी जाता-येता नुसती नजर टाकते.

काही नियम मात्र आम्ही पाळतो, तुम्हीही पाळा.

एका पिशवीत एका औषधाची एकच स्ट्रिप. नवी कंपनी, नवा रंग आला की जुनी स्ट्रिप संपल्याशिवाय नवी पिशवीत जात नाही, आणि ‘आत्या, ही तीच गोळी आहे, कपडे बदलून आलीय’ असं आधी सांगायचं. गोळ्या स्ट्रिपमधून काढून सुट्या ठेवायच्या नाहीत. स्ट्रिप कापावी लागली तर नाव आणि तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत राहू द्यायचं. पिशव्या गॅसजवळ, न्हाणीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत टांगायच्या नाहीत, औषधांना ऊब आणि दमटपणा सोसत नाही. फ्रीजमध्ये ठेवायची औषधं फ्रीजमध्येच. घरात लहान मूल असेल तर खिळा त्याच्या हाताबाहेर, उंचावर. आणि एखादी वेळ चुकलीच, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचं.

पुढच्या तपासणीला मी तिन्ही पिशव्या तशाच दवाखान्यात नेल्या. डॉक्टरांनी टेबलावर ओळीनं मांडल्या. एकही चेन न उघडता सगळ्या गोळ्यांची नावं त्यांनी वाचून काढली. ‘‘आजी, कुणी शिवल्या?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘टाकं माझं, मशीन हिची.’’

कागद चिकटतात बरं का!

आता हे पाऊच आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत गेलेत. कुणी दागिन्यांसाठी केले, कुणी सुया-दोऱ्यांसाठी, कुणी प्रवासात टूथब्रश-पावडरीसाठी. शिर्डीला जाणारे पाहुणे आले की तिकिटं आणि सुटे पैसे ठेवायला एकेक हमखास मागून नेतात.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स असे छापील कागद या प्लास्टिकला लागून महिनोन्‌महिने ठेवले तर छपाई प्लास्टिकला चिकटते. मध्ये एक कोरा कागद घाला. आणि खाण्याचा पदार्थ यात उघडा ठेवू नका. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात, ती तेला-तुपात उतरू शकतात. शेंगदाण्याची चिक्की आपल्या डब्यातच बरी.

एका मैत्रिणीनं टोकलंही, ‘‘प्लास्टिकबंदीच्या दिवसांत हे काय काढलंस?’’ तिचा प्रश्न बरोबर होता. महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली ती कॅरीबॅग आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर. आपलं पाऊच फेकायचं नाही, वर्षानुवर्षं वापरायचं. तरीसुद्धा मी नवं प्लास्टिक शक्यतो आणतच नाही. कचऱ्यात जाणारी ब्लँकेटची पिशवी वाचवणं, हीच त्यातली गोडी. आणि पाऊच जुनं झालं, प्लास्टिक पिवळं पडलं, तर ते चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका. पीव्हीसी जळताना निघणारा धूर फार वाईट. खिडकी उसवायची, दुसरी लावायची. गोधडी तीच राहते.

चौथी पिशवी

तीन पिशव्या झाल्यावर सासूबाईंनी मला विचारलं होतं, ‘‘तुझी कुढंय?’’ मला सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी असते. ती मी पर्समध्ये, नाहीतर फ्रीजवर, नाहीतर देव जाणे कुठं ठेवत असे. त्यांनी माझ्या जुन्या निळ्या ड्रेसचा तुकडा हुडकून, स्वतः धावदोरा घालून दिला. मग चौथी पिशवीही खिळ्यावर आली.

या वर्षी रामनवमीच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलं होतं. आमच्याकडे यात्रा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी गडबड. पहाटे उठल्याबरोबर चहाचं आधण, मग नाश्ता, मग स्वयंपाक. चौथ्या दिवशी सगळ्यांना गाडीत बसवून आले आणि पाय पसरून बसले, तर सासूबाई खिळ्याकडं बघत म्हणाल्या, ‘‘सूनबाई, निळी पिशवी चार दिस झालं जागची हलली न्हाई.’’

मी म्हटलं, ‘‘अहो आत्या, गडबडीत राहिलं.’’

‘‘मपली न्हाई राहिली ती? गडबड तीच होती की.’’

काय बोलणार? त्यांच्या तिन्ही पिशव्या रोज वेळच्या वेळी इकडून तिकडं गेल्या होत्या, मी रोज बघत होते. माझ्या पिशवीकडं मात्र माझंच लक्ष नव्हतं. प्लास्टिकमधून गोळ्या स्वच्छ दिसत होत्या, चारच्या चार.

त्या दिवशीचा चहा होऊन गेला होता. म्हटलं, उद्यापासून घेते.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे चोळत स्वयंपाकघरात आले, तर गॅससमोर सासूबाई उभ्या. चहाचं भांडं त्यांनी ओट्यावरून उचलून मागं लपवलेलं. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात निळी पिशवी.

‘‘आधी हे. हात पुढं कर.’’

मी मुकाट्यानं हात पुढं केला. मग दोघींनाही हसू आवरेना.